एक थाप

डफावर पालथा हात ठेवून तो आधी गर्दीकडे नीट बघून घ्यायचा. कोणी बोलताना दिसला तर पायाजवळचा खडा उचलून त्याच्या दिशेने भिरकावायचा. मग दवंडी द्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “आलं तसं दिलं. माझ्या पदरचं काय नाय.”

मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावचा तो दवंडीवाला. मी तिथल्या शाळेत मास्तर. युद्ध सुरू झालं तशी सरकारने चावडीत रेडिओ बसवला. त्यातली पुस्तकी मराठी कोणाला कळेना. बातम्या संपल्या की लोक विचारायचे, “काय बोलला रे तो?” मग हा चावडीबाहेर उभा राहून सगळ्या बातम्या आमच्या बोलीत पुन्हा सांगायचा, एकही न गाळता. गाव त्यालाच ‘स्टेशन’ म्हणू लागलं. तुम्ही मुंबईचं स्टेशन ऐकलं असेल. आमचं स्टेशन बातम्या संपल्या की विडी ओढायचं.

चावडीची पायरी चढायची त्याच्या जातीला मनाई होती. पण रेडिओची जड बॅटरी भरून आणायला कल्याणला न्यायची असली, की हाच आत जाऊन ती उचलायचा. तेव्हा कोणाला विटाळ व्हायचा नाही. एकदा बॅटरीतला तेजाब सांडून त्याची मांडी भाजली. मी तेल लावायला गेलो तर म्हणाला, “मास्तर, तुमचा धरम लई हलका. बॅटरीपरीस हलका, ती उचलायची तवा उडून जातो.”

चावडीवर लावलेल्या रेडिओच्या भोंग्याचं तोंड कोणत्या आळीकडे असावं, यावरून एकदा वरची आणि खालची आळी काठ्या घेऊन भिडली. एरियलचा बांबू बांधायला चढलेल्या खालच्या आळीतल्या एका तरण्या गड्याने भोंगा गुपचूप आपल्या घराकडे वळवला होता. दवंडीवाल्याने त्याला पाय धरून खाली ओढलं आणि डफाच्या कडेने त्याचं डोकं फोडलं. मग स्वतःच जखमेत हळद भरत बसला. “स्टेशन कुना एकाचं नसतं रे, गाढवा.” गड्याच्या आईने दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या.

बेचाळीस साली तो गडी तारा तोडणाऱ्यांबरोबर रानात गेला. त्याच्यापायी पोलिसांनी गाव झोडपलं. कणग्या फोडून भात चिखलात ओतलं, म्हाताऱ्यांना झाडाला बांधून मारलं. त्याच्या आईच्या पाठीवर वळ उठले, पण तिने मुलाचा ठाव सांगितला नाही.

एके सकाळी रानातून गोळ्यांचे आवाज आले. प्रेत जाळायची लाकडं गोळा करायला पोलिसांनी दवंडीवाल्याला धरून नेलं. प्रेत त्याच गड्याचं होतं. बोभाटा नको म्हणून फौजदाराने ते तिथेच जाळायला लावलं. नाव बाहेर फुटलं तर तुझी पोरंबाळं झोपडीसकट जाळीन, असं बजावलं. हे मला पुढे कळलं.

संध्याकाळी गाव रेडिओला जमलं. गड्याची आई पुढेच बसली होती. मुलाची खबर कळेल म्हणून ती रोज यायची. फौजदाराने रेडिओ बंद केला आणि दवंडीवाल्याला पुढे ढकललं.

आमच्याकडची रीत अशी, की सरकारी हुकमाला डफावर तीन थापा आणि गावातल्या मयताला एकच.

त्याने आईकडे बघितलं आणि एकच थाप मारली. मग पढवलेला हुकूम शब्दाला शब्द सांगितला. “रानात एक दरोडेखोर मेला. फरारी मानसाला भाकर देईल त्याचं घर जळंल. आलं तसं दिलं.” ‘माझ्या पदरचं काय नाय’ हे पुढचं नेहमीचं वाक्य तो बोलला नाही.

एकेकाच्या डोक्यावरचं मुंडासं उतरलं. आई जमिनीवर कोसळली. “माझा गेला गो, बायांनो!”

फौजदार परगावचा, त्याला काही उमगेना. त्याने माझ्या छातीला पिस्तूल लावलं. “मास्तर, हा काय प्रकार आहे?”

मी सांगितलं. तीन थापा, एक थाप, सगळं सांगितलं.

पोलिसांनी दवंडीवाल्याचा उजवा हात चावडीच्या पायरीवर धरला. ज्या पायरीवर त्याला पाय ठेवायची मनाई होती तिच्यावर. बंदुकीच्या दस्त्याने बोटं ठेचली, हाडांचा आवाज मी ऐकला. तो ओरडला नाही असं मी खोटं सांगणार नाही. कापताना गुरं ओरडतात तसा ओरडला. मी भिंतीला टेकून उभा होतो.

महिन्याभराने मी त्याच्या झोपडीत गेलो. माफी मागायला हात जोडले. तोच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमी पन आलं तसं दिलं.” आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

स्वातंत्र्याच्या आदल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. त्याच्यासाठी थाप मारायला गावात कोणी नव्हतं. खुंटीवरचा डफ काढून मी चावडीसमोर उभा राहिलो. माझा हात धडधाकट होता, तरी थाप नीट बसली नाही.