गळ्यावरून मोजलेली सूज

माझी थोरली बहीण, अक्का, गेली त्याला आता वर्ष होत आलं. लातूरला तिच्या सोनोग्राफीच्या खोलीत संध्याकाळी मी नोंदवही लिहायला बसायचो. दिवसभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळायचो. भूकंपाच्या वर्षी ती डॉक्टरकी शिकत होती. पत्र्याच्या शेडमध्ये जखमी बायांना हात लावला की त्या किंचाळायच्या. न दुखवता आतलं कळायला हवं, हे तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं.

पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं. बिलोलीकडची एक मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणून खोली करून राहिली होती. तिचा घास छातीत अडकायचा. मेसवाल्या मावशींना ते नखरे वाटायचे. पोटाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं, तेव्हा अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज निघाली. चाटणासारखं घट्ट औषध सुरू झालं. पण पुन्हा नळी म्हटलं की पोर दाराकडे धावायची. म्हणून मधल्या काळात गळ्यावरून सूज मोजायला त्यांनी तिला अक्काकडे पाठवलं.

गळ्याला जेली लावायची, घोटभर पाणी प्यायला द्यायचं आणि अन्ननलिकेच्या भिंतीची जाडी पडद्यावर मोजायची. अक्का तीनदा मोजायची. तोवर मागचा आकडा मी उच्चारायचा नाही.

"आकडा ठाऊक असला की डोळ्याला हवं तेच दिसतं," ती म्हणायची.

दुसऱ्या खेपेला वडील सोबत आले. कापडाचे व्यापारी. "डॉक्टरसाहेब, आज फरक न्हाई निघाला तर लेकराला घरी नेतो. नुसतं पेजेवर हाय. जगली तर डॉक्टर हुईल ना?"

मुलगी तपासणीच्या खाटेवर आडवी झाली.

अक्कानं मोजलं. मी वही उघडली. आकडा होता तिथंच होता. मी अक्काला दाराआड नेऊन म्हणालो, "अक्का, जरासं कमी सांग. पोरीचं वर्ष जाईल."

"तू पुस्तकं वाच. माप मी घेते."

तिनं वडिलांना खरं ते सांगितलं आणि मुलीकडे वळली. "औषध कसं घेतीस? करून दाखव."

मुलीनं औषध गिळल्यासारखं केलं आणि वर पेलाभर पाणी प्यायल्याचा आव आणला.

"वर पाणी?"

"हाव. औषधावर पाणी न्हाई पिलं तर आजी वरडते."

"अगं, हे औषध अन्ननळीच्या भिंतीला चिकटून राहायला पायजे. तू रोज धुऊन काढायलीस!"

वडील म्हणाले, "पाण्याबिगर औषध घेतंय का कुणी?"

"हिनं घ्यायचं. वर अर्धा तास काही न्हाई, चहासुद्धा. मला दीड महिना द्या. मग न्या, मी अडवणार न्हाई."

पोटाच्या डॉक्टरांना तिनं तिथूनच फोन लावून हे कळवलं.

दीड महिन्यानं आम्ही चौघं पुन्हा तसेच बसलो. तीन मापं झाली. मी पान उलटलं. भिंत चांगलीच पातळ झाली होती.

"म्हंजे बरी झाली?" वडील खुर्चीवरून उठले.

"सूज उतरलीय, एवढंच माझं यंत्र सांगतं. बरी झाली का, त्यासाठी एकदा नळी घालावीच लागंल."

आनंदाच्या ऐन क्षणीही आपल्या यंत्राची हद्द सांगणारी ती माझी बहीण होती. ऊर भरून आला, तो आजही येतो.

"एकदाच ना?" मुलगी म्हणाली. "चालंल."

वडिलांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मग ऱ्हाऊ द्या हिला इथंच."

मुलीनं गळ्यावरची जेली पुसली, बॅग उचलली आणि जिना धडाधडा उतरली. तिच्या क्लासची बॅच सुरू व्हायची वेळ झाली होती.