वहीतली रेघ

रक्तदाब मोजायच्या पट्ट्याच्या रबराचा वास आला की मला पिंपळगाव राजा या गावातलं आमचं अंगण आठवतं. महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली होती. नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाई बाजेवर बसून, रक्तदाबाचा आजार घराण्यातून उतरतो का, ते शोधत होत्या. आजोबा लकव्याने गेलेले, दोन्ही आत्यांचा यंत्रातला पारा चढलेला. बाबांचा मात्र अगदी नीट. "तुम्ही कसे सुटलात?" असं म्हणत बाईंनी वहीत आजोबांपासून बाबांपर्यंत रेघ ओढली. बाबा हळूच म्हणाले, "खोडा ते, बाई. मी दत्तक आहो." मला हे पहिल्यांदाच कळत होतं. शेंगा फोडणारे आईचे हात थांबले. पुन्हा मोजण्यासाठी दंडाला पट्टा बांधलेली थोरली आत्या कडाडली, "काऊन खोडता? माहा भाऊ हाय तो! इतक्या वर्साची भाऊबीज काय तुमच्या वहीले ओवाळली मी?" बाईंनी रेघ तशीच ठेवली, शेजारी बारीकशी फुली मारली. परवा पट्टा माझ्याच दंडाला लागला. "घरात कुणाला बीपी होतं?" डॉक्टरांनी विचारलं. आजोबांच्या घराण्याचं रक्त माझ्यात नाही हे ठाऊक असूनही तोंडून निघून गेलं, "दोन्ही आत्यांना."