मानेवर ठिपका असलेला घोडा

मंडळी, लहानपणी शहाद्याच्या सायबर कॅफेत खेळायचो तो राजपुत्राचा गेम आज मोबाईलवर सापडला. गेम तसा भंगारच. नदीपाशी आलं की राजपुत्र जागच्या जागी चालत राहायचा.

आज कळलं, घोडा घेतल्याशिवाय नदी ओलांडताच येत नाही.

घोडा गेममधल्या बाजारात होता. पण चित्रातल्या चुकीमुळे त्याच्या मानेवर काळा ठिपका दिसायचा, आणि सारंगखेड्याचा माझा आतेभाऊ म्हणायचा, "भोवरा शे, अपशकुनी. असा घोडा लेवाना नई." गावच्या यात्रेत विकायला येणारे घोडे आणि त्यांच्या केसांतले शुभ-अशुभ भोवरे बघत वाढलेला तो. आम्ही सगळे पायीच फिरलो.

मघाशी फोन करून त्याला नदीचं सांगितलं. तर म्हणाला, "तरी बी मी लेवाव नई."

मीही घेतला नाही. राजपुत्र काठावर उभा आहे. तुम्ही घेतला असता?