हयातीचा दाखला आणि माउसचा सेल

नांदूरघाटला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथल्या बिनवायरच्या माउसला चार्ज होणारा एक पेन्सिल सेल लागतो. त्या आठवड्यात त्या सेलनं मला वेड लावलं होतं. चार्जरला लावला की दहा मिनिटांत हिरवा दिवा. माउसमध्ये घातला की पाव तासात पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा.

एका सकाळी एक आजी पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आल्या. नाव-गाव भरलं, अंगठा घेतला. 'सदर व्यक्ती हयात आहे' या चौकटीपाशी बाण पोचला आणि मेला.

"काय झालं रे लेकरा?"

"आजी, तुम्ही हयात आहात, एवढंच लागंना."

"आता गं बया! मग मी हाय तरी काय?"

बाकावर एक रिटायर गुरुजी बसले होते. त्यांनी सेल मागून घेतला, उपरण्यानं पुसला आणि भिंतीवरच्या माझ्या कित्येक महिने बंद पडलेल्या घड्याळात घातला. टिकटिक सुरू झाली.

"सेल ठणठणीत. दोष माउसचा," गुरुजींनी निकाल दिला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. म्हणून मी कीबोर्डवरनंच बटणं दाबत गेलो, तर दाबलं गेलं नेमकं 'रद्द करा'. आजी पडद्यावरून साफ पुसल्या गेल्या.

एवढ्यात समोरचा ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा चहा घ्यायला आला. सगळं ऐकून मला म्हणाला, "घड्याळाला लागतंय किती बे? मुंगीएवढं. ह्याच्यावर वझं टाकून बघ की."

त्यानं मीटर आणला. सेल एक पॉइंट तीन दाखवत होता. मग त्यानं दोन वायरींनी टॉर्चचा बारका दिवा जोडला. दिवा लागला. का कोण जाणे, सगळे मोठ्यानं आकडे मोजू लागले. आजीसुद्धा. तेविसाला दिवा लाल झाला, तिसाच्या आत विझला. मीटर एकच्या खाली. दिवा काढताच आकडा हळूहळू परत चढला.

"बघा. नुसता बसला की बरा दिसतोय, कामाला लावला की पडतोय. आतनं गेलाय. म्हणून तर दोन घासांत पोट भरतंय त्याचं."

आजी सेलकडं बघत म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं असंच झालतं. खाटंवर लई बरे दिसायचे."

मी शेजारच्या दुकानातून नवा सेल आणला. पुन्हा नाव, पुन्हा गाव, पुन्हा अंगठा. बाण सरसर गेला, चौकटीत खूण उमटली, कागद बाहेर आला. आजींनी त्याची घडी करून चंचीत ठेवली.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. आत बसता बसता त्या म्हणाल्या, "पुढच्या साली जरा लवकर येते. गर्दी नसती."