डंपरवरची लिंबू-मिरची

मोशीजवळचा तो ओढा माझ्या मनातून अजून जात नाही. त्या बाजूला काम निघालं की मी गाडी लांबच्या रस्त्यानं काढतो.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं, पण त्याला वाट नव्हती. कुणीतरी राडारोडा टाकून पात्र बुजवलं होतं. पाणी शेजारच्या गॅरेजमध्ये शिरलं, भिंत पडली आणि मेकॅनिकचा पाय मोडला. गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे आला. जवळच्या चहावाल्यानं खबर दिली की माल टाकायला एकच डंपर येतो. नंबर त्याला आठवेना, पण मागच्या फाळक्यावर मोर काढलेला आहे म्हणाला.

मोरावरून डंपर सापडला. मालक आणि ड्रायव्हर एकच, बीडकडून आलेला. घर त्या एका गाडीवर चालायचं. आम्ही त्याला अटक केली आणि गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात लावली.

माल टाकल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. जवळच एका नव्या इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या साइटवरच्या इंजिनिअरनं सांगितलं म्हणून टाकला, म्हणाला.

त्या इमारतीला पर्यावरणपूरक बांधकामाचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी राडारोडा प्रक्रिया केंद्रात दिला, हे दाखवावं लागतं. इंजिनिअर फाईल घेऊन आला. प्रत्येक खेपेचा रंगीत फोटो, भरलेला हाच डंपर, पुढे तारखेची पाटी. आमचा सगळा माल केंद्रात गेलाय, हा दुसऱ्या कुणाचा टाकत असेल, असं त्याचं म्हणणं.

ड्रायव्हर म्हणाला, "फोटू एकाच दिशी काढलेत साहेब. गाडी भरून उभी केली अन् पाट्या बदलत गेले."

मी हसलो. केंद्राच्या वजनकाट्यावर जाऊन नोंदी बघायला अर्धा दिवस पुरला असता. गेलो नाही. खोटं बोलणारा अडखळतो, असं नोकरीत पाहिलं होतं. ड्रायव्हर अडखळत होता, फाईल अडखळत नव्हती. गाडी परत मिळावी म्हणून त्यानं अर्ज केला आणि कोर्टानं आमचं म्हणणं मागवलं, तेव्हा 'गाडी सोडू नये' असं लिहून मी सही केली.

जामिनावर सुटल्यावर तो हजेरीला यायचा. एका शनिवारी तो आवारातल्या डंपरला ताजी लिंबू-मिरची बांधताना दिसला. आमच्या हवालदारानं टोमणा मारला, "भाऊ, गाडी कस्टडीत हाय. आता कुणाची नजर लागायची?"

"दर शनवारी बदलतो," तो म्हणाला. "कधी चुकवलं न्हाई."

मी आत जाऊन फाईल उघडली. तारखा उन्हाळाभर पसरलेल्या, आणि प्रत्येक फोटोत बंपरवर तीच हिरवीगार लिंबू-मिरची. वरून दुसरी मिरची अर्धी तुटलेली.

इंजिनिअरला बोलावून फोटो टेबलावर मांडले आणि त्या मिरचीवर बोट ठेवलं. त्यानं दोन फोटो शेजारी धरून पाहिले. मग म्हणाला, "सर, फाईल वेळेत द्यायची होती. माल नंतर पाठवू म्हटलं. केंद्रावर रांग असायची... ओढा जवळ होता."

काट्यावर त्या डंपरची एकही नोंद निघाली नाही. इंजिनिअर आरोपी झाला. ड्रायव्हरही आरोपी राहिला, कारण माल त्यानंच टाकला होता. गाडी सोडायला हरकत नाही असं मी लिहून दिलं, तोवर पावसाळा उलटला होता. टायर बसले होते, बॅटरी गेली होती, त्याचं काम दुसऱ्यानं धरलं होतं.

या तपासाचं कौतुक झालं. लिंबू-मिरचीची गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेन. त्या अर्जावर आधी काय लिहिलं होतं, ते मात्र कधी सांगितलं नाही. नीटनेटकेपणाला मी खरेपणा समजलो होतो, आणि त्याची झळ मला लागली नाही.

गाडी न्यायला आला तेव्हा त्यानं बंपरवरची काळी पडलेली लिंबू-मिरची सोडली आणि हातात धरून माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"साहेब, म्या सांगितलं तवा पटलं न्हाई. हिनं सांगितलं, मग पटलं."

मी ताबा पावतीवर त्याची सही घेतली आणि आत गेलो.