दुकानाचा किल्ला

जनूदादा घरत यांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला कशाची किंमत विचारायची सोय नव्हती. "आधी खेळ, मग बघू," असं म्हणत ते खुर्ची पुढे सरकवायचे आणि हातात फासे द्यायचे. माणूस मुलीसाठी रंगपेटी घ्यायला आलेला असो, नाहीतर नुसता चौलचा रस्ता विचारायला, त्यांना काही फरक पडत नसे.

मी गेले होते त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायला. रेवदंड्याच्या नाक्यावर मी ज्या मेडिकलमध्ये काम करते, त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं. पुढे दप्तरं, पतंग, क्रिकेटच्या बॅटी. मागे पडद्याआड एक लांबट खोली. त्या खोलीत काय चालतं याची नाक्यावर बरीच चर्चा होती, म्हणून मीही पडदा बाजूला करून डोकावले. डबल बेडपेक्षा मोठं एक टेबल, त्यावर वाळू, काथ्याची झाडं, एक किल्ला, आणि अंगठ्याएवढ्या रंगीत शिपायांच्या दोन पलटणी समोरासमोर उभ्या. एका बाजूला जनूदादा, दुसऱ्या बाजूला मुरुडचे सलीमभाई, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर.

"ताय, बरी आलीस. ह्यो फासा टाक. माझ्या सेनापतीचा जीव तुझ्या हातात हाय," जनूदादा म्हणाले.

मी फासा टाकला. सहा पडले आणि सेनापती मेला. आपला सेनापती मेल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता. "मारलास ना माझा सेनापती! आता उद्या ये. तुला पलटण देतो."

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना सांगते. शिपाई सुट्या भागांत मिळतात. हात, पाय, मुंडकं चिकटवून जोडायचं, बारीक ब्रशाने रंगवायचं, आणि मग टेबलावर फूटपट्टीने मोजून त्यांना पुढे न्यायचं. कोण जगला, कोण मेला, ते फासे ठरवतात. परदेशात याची मोठमोठी दुकानं आहेत. जनूदादांनी ती पाहिली होती, कारण ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काढली होती.

बाकीचे खलाशी बंदराला लागले की बाजारात जात. हे शिपायांची दुकानं शोधत. दुकानं दोन जातीची असतात, असं ते सांगायचे. एक, शिपाई बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं. तिथे झगझगीत उजेड, फक्त कंपनीचाच माल, आणि दारातच हसून स्वागत करणारा पोरगा. दुसरं, एखाद्या माणसाचं स्वतःचं. तिथे धूळ, दहा ठिकाणचा माल, कधीच बनायचे बंद झालेले शिपाई आणि गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी भांडणारा मालक. कंपनीच्या दुकानाबद्दल ते वाईट बोलत नसत. "ब्रश धरायला मना कंपनीच्या पोरानंच शिकवला. इंग्लिश येत न्हवतं तरी तासभर बसला माझ्यासंगं. मालकाच्या दुकानात म्हातारे आपसात खेळत बसलेले, माझ्याकडं कोनी बघलं पन न्हाय." मग म्हणायचे, "पन कंपनीच्या दुकानात आपला शिपाई चालत न्हाय. तिचाच लागतो. घरून भाकरी न्यायची न्हाय, असं हाटेल."

म्हणून त्यांनी रेवदंड्यात स्वतःचं दुकान काढलं. शिकवायचं कंपनीसारखं, चालू द्यायचं सगळ्यांचं. सलीमभाई घरी लाकूड कोरून मचवे आणि गलबतं बनवत. त्यांवर वल्ही मारणारे खलाशी, जाळं फेकणारा एक दर्यावर्दी. असलं सैन्य कंपनीच्या नियमांत कुठेच नव्हतं. जनूदादांनी त्यासाठी नवे नियम रचले. कुणी हरकत घेतलीच तर म्हणायचे, "कंपनीच्या पुस्तकात न्हाय म्हनून काय दुनियेत न्हाय?" टेबलावरचा किल्लाही सलीमभाईंचाच. लाकडी सांगाडा, त्यावर प्लास्टर, तटाच्या दगडांना शिंपल्यांची पूड, आणि पायथ्याशी हिरवट शेवाळाचा असा रंग, की बोट लावून ओलं आहे का बघावंसं वाटे. एक आख्खा पावसाळा ते मुरुडहून एसटीने येऊन त्यावर काम करत होते.

माझे वडील गेले, त्यानंतर मी बरेच दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. जनूदादांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. संध्याकाळी यायचे, मेडिकलच्या काउंटरवर एक बिनरंगाचा शिपाई ठेवायचे. "ह्याला टोपी न्हाय. बघ जरा," एवढं बोलून जायचे. दुसऱ्या दिवशी दुसरा. मी घरी नेऊन रंगवत बसे. पलटण पुरी होईपर्यंत मी पुन्हा माणसांत आले होते. हे मी त्यांचं कधीच विसरले नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

हळूहळू आमचा गोतावळा वाढला. अलिबाग, पेण, श्रीवर्धनहून माणसं यायची. शनिवार-रविवारी मुंबईहून समुद्रावर आलेली मंडळीही पडद्याआड दिसू लागली. जनूदादांनी फोनवर ग्रुप केला, 'रेवदंडा पलटण'. त्यावर फोटो आमच्या टेबलाचा.

होळीनंतरच्या एका रविवारी टोपी घातलेला एक तरुण आला. "माझ्या वळखीचा हाय," जनूदादा म्हणाले. तो फार आदबीने बोलत होता. त्याने सलीमभाईंना विचारलं, तटाचा दगड असा कसा साधला? मास्तरांना कुणी शिकवा म्हणायचा अवकाश. त्यांनी शिंपले कसे कुटायचे, सरस किती, कोणत्या रंगावर कोणता रंग, सगळं सांगितलं. तरुण मोबाइलवर ते टिपत होता. जनूदादा त्या दिवशी खेळले नाहीत. दाराला टेकून उभे होते.

थोड्याच दिवसांत बातमी आली, की त्या बड्या परदेशी कंपनीचं स्वतःचं दुकान नवी मुंबईत एका मॉलमध्ये उघडतंय. मला धास्ती वाटली. मी विचारलं, "जनूदादा, आता आपलं काय?"

ते घोडा रंगवत होते. मान वर न करता म्हणाले, "कंपनीकडं जागा हाय, ताय. मानसं माझ्याकडं हायत. घाबरतंस कशाला?"

मला इतकं बरं वाटलं, की मी ते वाक्य सगळ्यांना सांगत सुटले.

श्रावणातल्या एका बुधवारी सकाळी फोन बघितला, तर 'रेवदंडा पलटण' नाव गेलेलं. त्या जागी कंपनीच्या नव्या दुकानाचं नाव. टेबलाचा फोटो जाऊन तिथे कंपनीचं चिन्ह आलेलं. खाली इंग्रजीत निमंत्रण, आणि शेवटी 'स्टोअर मॅनेजर' म्हणून जनूदादांचं नाव. मी चपला घालून धावत नाक्यावर आले. शटर बंद होतं.

दुपारी त्यांची बायको, वहिनी, गोळ्या न्यायला आली. माझा चेहरा पाहून तीच चपापली. "तुला बोलला न्हाय तो? आगं, होळीच्या आधीच ठरलाय. काल टेंपो आला नि समदा सामान घेऊन गेला."

काल मंगळवार. मंगळवारी माझी सुट्टी असते. हे जनूदादांना माहीत होतं.

मी सलीमभाईंना फोन केला. ते जराही रागावले नाहीत. "जनूभाय बेवफाई करणारा माणूस न्हाय. काही मजबुरी असेल. आपण जाऊ, मुबारकबाद देऊ," म्हणाले. पुढच्या रविवारी ते मुरुडहून निघाले, रेवदंड्याला मी त्याच गाडीत चढले. त्यांच्या मांडीवर मचव्यांची पेटी होती. "तिथल्या नव्या पोरांना दाखवू," ते म्हणाले.

मॉलमधलं दुकान जनूदादांनी वर्णन केलं होतं तसंच होतं. झगझगीत. दारात काळ्या टी-शर्टातले जनूदादा, छातीवर नावाची पट्टी, केसांना कलप. आम्हाला बघून क्षणभर त्यांचा चेहरा खरा झाला. मग मागे कुणीतरी साहेब उभा आहे हे आठवून ते हसले. "वेलकम, मॅडम. या ना, बसा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला ताय सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

सलीमभाईंनी पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. दोन मुलं कुतूहलाने पुढे झाली. जनूदादा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सलीमभाय, ह्ये इथं न्हाय चालनार. कंपनीचाच माल लागतो टेबलावर."

"व्हय, व्हय. कायदा तो कायदा," म्हणत सलीमभाईंनी झाकण लावलं. ते वळले आणि तसेच थांबले. मीही वळले. भिंतीजवळ काचेच्या मोठ्या कपाटात, वरून दिवे सोडलेला, आमचा किल्ला उभा होता. तटावर कंपनीचे शिपाई. सलीमभाई काचेजवळ गेले.

"जनूभाय, हा किल्ला कोणाचा?"

"दुकानाचा," जनूदादा म्हणाले.

"कोणत्या दुकानाचा?"

तो टोपीवाला तरुण, जो त्यांचा साहेब निघाला, तिकडून कौतुकाने म्हणाला, "आमच्या मॅनेजरसाहेबांची कल्पना आहे. मस्त ना?" जनूदादांनी ते खोडून काढलं नाही.

आम्ही बाहेर पडलो. ते सरकत्या जिन्यापर्यंत मागे आले. "ताय, ऐक ना. मी थकलोय. एकट्यानं किती दिस वढायचा? हितं पोरं हायत, उजेड हाय, शिकवायला मिलतं. मना ह्येच जमतं."

"मग आलात ते बरंच केलंत," मी म्हणाले. "सांगितलं असतंत तर टेंपोत सामान आम्हीच भरून दिलं असतं. माझी सुट्टी कशाला बघितलीत?"

त्यांचे डोळे भरले. "तुमच्या तोंडासमोर जमला नसता."

सलीमभाई पुढे झाले. ते म्हणाले, "किल्ला राहू द्या. मुलं बघतील, खूश होतील. एक मेहेरबानी करा. कुणी विचारलं कुणी बनवला, तर आठवत न्हाय म्हणा. तुमचा म्हणू नका." आणि पेटी छातीशी धरून ते जिन्यावर चढले.

त्यानंतर आम्ही चौलला माझ्या घराच्या पडवीत टेबल मांडलं. खाली टेकू म्हणून दोन लाकडी घोडे, त्यांवर प्लायवूड, वर वाळू. ग्रुपमधली अर्धी माणसं नवी मुंबईला जाऊ लागली. त्यांना मी दोष देत नाही. तिथे छान शिकवतात, असं तेच सांगतात. जनूदादा शिकवत असतील तर छानच शिकवत असणार. सलीमभाईंनी नवा किल्ला मात्र केला नाही. कुणी विषय काढला तर म्हणतात, "आता नजर राहिली न्हाय." पण मचव्याच्या शिडाची दोरी ते अजून चष्म्याशिवाय ओवतात.

गेल्या माघात, माघी गणपतीसाठी सुट्टी घेऊन, जनूदादा गावी आले होते. रविवारी दुपारी ते माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. कलप उतरला होता. "येऊ का?" त्यांनी विचारलं. मी मनात अनेकदा त्यांना हाकलून दिलं होतं. समोर आल्यावर तोंडातून "या" एवढंच निघालं.

सलीमभाईंनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. दोघे खेळले. जनूदादा पूर्वीसारखेच ओरडत होते, मेलेल्या शिपायांना नावं ठेवत होते, आणि हरले तेव्हा टाळ्या वाजवून हसले. पडवीतले सगळे हसले. मला वाटलं, झालं, मिटलं.

उन्हं कलली, आवराआवर सुरू झाली. जुन्या सवयीने जनूदादांनी एक मचवा उचलला, त्याचं शीड सांभाळून मिटलं आणि पेटीत ठेवायला वाकले. सलीमभाईंनी त्यांच्या हातातून तो अलगद काढून घेतला. आवाजात राग नव्हता, कडवटपणा नव्हता.

"राहू द्या," ते म्हणाले. "माझं सामान मी ठेवतो."

जनूदादा तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले, हात पँटला पुसले आणि मला म्हणाले, "येतो गं." पाखाडीच्या पायऱ्या उतरून ते रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. ताय म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, असं मला वाटलं. पण त्यांनी ते म्हटलं नाही, आणि मीही त्यांना पुढच्या रविवारी या म्हटलं नाही.