मेलेल्या माणसाचं काम

मेलेल्या माणसाचं काम करायला मला स्टेजवर बोलावलं होतं.

बारामतीतलं मंगल कार्यालय. आमच्या वीज ठेकेदार संघटनेची वार्षिक सभा. खांब उभे करणारे, तारा ओढणारे, डीपी बसवणारे बारामती-इंदापूरकडचे सगळे ठेकेदार त्या दिवशी कडक पांढरे कपडे घालून यायचे. मीही आलो होतो. नवा शर्ट होता. इस्त्री मोडू नये म्हणून एसटीत जागा असून उभा राहिलो होतो. नुकतंच मला ठेकेदारीचं लायसन मिळालं होतं. त्या सभेत नव्या सभासदांना शाल आणि नारळ देणार होते, त्यात माझं नाव होतं. मी तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसलो. याआधीच्या सभांना मी आलो होतो ते सतरंज्या अंथरायला आणि पंगतीत वाढायला.

सत्काराच्या आधी सुरक्षेचा कार्यक्रम होता. वीज मंडळाचे इंजिनिअर साहेब आले होते. करंट बसलेल्या माणसाला तोंडाने श्वास कसा द्यायचा, ते करून दाखवायचं होतं. त्यासाठी आडवं पडायला कुणीतरी पाहिजे होतं. कुणी उठेना. पांढऱ्या कपड्यांनी कोण लोळणार?

अध्यक्ष नानासाहेब माईकवर आले. आमच्या भागातले बहुतेक खांब त्यांच्याच गँगने रोवलेले. मीही त्याच गँगमध्ये खड्डे खणून मोठा झालो. त्यांची नजर रांगांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"ए, ऊठ. हितं ये. झोप."

मी उठून स्टेजपाशी गेलो. हळूच म्हणालो, "नाना, आज मी सभासद म्हणून आलोय."

त्यांच्या तोंडासमोर माईक होता. तो त्यांनी बाजूला केला नाही.

"आरं, मग काय झालं? ह्याच्या भावाचं तसंच झालं व्हतं. ह्याला ठावं हाय माणूस कसा पडतो."

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे हसले.

मी झोपलो. का झोपलो, हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. पाय आपोआप वाकले. वर्षानुवर्षं त्या माणसाने ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. अंगाला सवय झाली होती.

श्वास द्यायला नानांचा पुतण्या पुढे आला. गुडघ्यावर बसला. इंजिनिअर साहेब सांगत होते, मान मागे करा, नाक दाबा, तोंडाला तोंड लावा. पुतण्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्या तोंडावर टाकला. मग रुमालाची दुहेरी घडी केली. मग वाकला आणि परत वर झाला.

"नाना, ह्याच्या तोंडाला मेंढरांचा वास येतुया."

आता सगळे हसले. आम्ही धनगर. मेंढरं आजोबांकडे होती, त्यांच्याबरोबरच गेली. वडिलांनी ऊस लावला, मी वायरमनकी शिकलो. मी जन्मात मेंढरू राखलं नाही. पण वास मात्र त्यांना येत होता. पुतण्याने हातभर अंतरावरून हवेत दोनदा फुंकर मारली. साहेब म्हणाले, "ठीक आहे, कल्पना आली सगळ्यांना." टाळ्या झाल्या.

माझे डोळे मिटलेले होते. मेलेल्याने डोळे उघडायचे नसतात. त्या रुमालाखाली मला आप्पा दिसत होता.

आप्पा माझा थोरला भाऊ. नानांच्या गँगमध्ये वायरमन होता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कामाला लागायच्या आधी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढायचे आणि जो खांबावर चढणार, त्याने ते स्वतःच्या कमरेच्या पिशवीत टाकून वर न्यायचे. फ्यूज वर आहेत तोवर लाईन मेलेली. खाली कुणी कितीही कालवा केला, तरी वरच्याचा जीव त्याच्याच कमरेला बांधलेला असतो. ही रीत कुठल्या साहेबाने शिकवलेली नाही. चढणाऱ्यांनीच ती पाडली.

त्या दिवशी निमगाव केतकीच्या शिवारात काम होतं. बागायतीचा भाग, विहिरींवरच्या मोटारी बंद पडलेल्या. मळेवाला नानांचा पाहुणा लागत होता. आप्पा चढायला निघाला तेवढ्यात नानांची जीप आली.

"फ्यूज हिकडं दे. तू उतरून येस्तवर लई येळ जातो. काम झालं म्हनलास की आमी हितनंच घालू."

आप्पा क्षणभर थांबला. मला आठवतंय, त्याने माझ्याकडे बघितलं होतं. मग पिशवी सोडून नानांच्या हातात दिली. मालकाला नाही कसं म्हणायचं? नाना पाहुण्याकडे चहाला गेले. जाताना पिशवी पुतण्याकडे देऊन गेले. थोड्या वेळाने मळ्यातून कुणीतरी ओरडलं, झालं का रं काम? पुतण्याला वाटलं, आप्पाच झालं म्हणतोय. त्याने वर बघितलंच नाही आणि फ्यूज घातले.

मी खाली दोर धरून उभा होतो. आप्पा ओरडलासुद्धा नाही. पडला.

पुतण्याने फ्यूज पुन्हा काढले होते. लाईन बंद होती. तरी पुतण्या ओरडत राहिला, "हात लावू नगा, करंट लागंल." सगळे लांब उभे. मी आप्पाला मिठी मारली तेव्हा कुठे दोघे-तिघे पुढे आले. एक म्हणाला कांदा हुंगवा. दुसरा म्हणाला मातीत निजवा, माती करंट ओढून घेती. आम्ही कांदा हुंगवला, मातीत निजवलं, अंगावर ओंजळीने माती ओढली. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इंदापूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी श्वास दिला का?" श्वास देतात म्हणजे काय करतात, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

संघटनेने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. संघटनेचं एक वार्तापत्र निघायचं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणी नवी जीप घेतली, रक्तदान शिबिर, ठेकेदारांची क्रिकेट मॅच, असलं सगळं त्यात असायचं. त्यात कोपऱ्यात आप्पा आला. कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दुर्दैवी निधन. फ्यूजचा उल्लेख नव्हता. जीपचाही नव्हता. पुढच्या वर्षापासून संघटनेने सुरक्षा सप्ताह सुरू केला आणि त्याच सप्ताहात मी आप्पा होऊन स्टेजवर आडवा पडलो होतो.

शाल मला मिळाली नाही. जेवणाच्या गडबडीत सत्कार राहून गेला, असं नंतर सांगितलं.

घरी आलो. आईने दारातच विचारलं, "झाला का सत्कार?"

"झाला."

मी आत जायला वळलो. आईने शर्टाची पाठ बघितली. स्टेजवरच्या मातीने भरली होती.

"सत्काराला पाठीवर निजवत्यात व्हय?"

मग मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. शर्ट काढून घेतला, झटकला नाही, तसाच खुंटीला टांगला. म्हणाली, "त्यांनी म्हनलं ते म्हनलं. पर तू झोपलास कशापायी?"

त्या प्रश्नाने मी सोलून निघालो. नानांचा राग आला होताच, पण त्याहून जास्त मला माझी लाज वाटली. आप्पाने फ्यूज दिले होते. मी अंग दिलं. दोघांनाही नाही म्हणता आलं नव्हतं.

पुढच्या वार्तापत्रात त्या कार्यक्रमाचा फोटो आला. अध्यक्ष, इंजिनिअर साहेब, पुतण्या, सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे. खाली शेवटी, 'आणि प्रात्यक्षिकासाठी एक कामगार.' लायसन असलेला, वर्गणी भरलेला सभासद होतो मी. मी तो फोटो फाडला नाही. आईने शर्ट टांगला होता त्याच खुंटीला लावला.

थंडीत काटेवाडीच्या बाजूला काम निघालं. काम नानांचं होतं, त्यातला थोडा भाग त्यांनी माझ्याकडे दिला होता. नव्या ठेकेदाराला दुसरं कोण काम देणार? मी फ्यूज काढले, पिशवी कमरेला बांधली आणि चढलो. अर्धं काम झालं असेल, तेवढ्यात जीप येताना दिसली. तीच जीप. वरून मला तिचं छप्पर दिसत होतं.

नाना उतरले. मान वर करून म्हणाले, "फ्यूज खाली टाक. पिशवी दोराला बांधून सोड."

"काम व्हायचंय, नाना."

"आमाला कळतंय. आमी काय आत्ताच घालतोय का? सोड खाली."

खाली माझी माणसं दोर धरून उभी होती, तीही वर बघत होती. हे काम गेलं तर पुढचं नाही. पुढचं गेलं तर लायसन चाटत बसायचं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. हात पिशवीच्या गाठीपर्यंतही गेला. आणि मला आप्पाची नजर आठवली. पिशवी देण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं होतं. तो मला विचारत होता. मी खाली मान घातली होती.

"फ्यूज मी उतरल्यावर मिळतील."

"काय म्हनलास?"

"मी उतरल्यावर."

नानांनी जीपचं दार उघडलं. मग म्हणाले, "शाना झालास. संघटनेत कोन ऱ्हातंय आन कोन न्हाय, ते मी ठरवतो. सभेला ये, मग बघू."

जीप गेली. मी काम पुरं केलं. घाई केली नाही. एकेक पेच दोनदा आवळला.

पुढच्या सभेला गेलो. तेच मंगल कार्यालय, तोच सुरक्षा सप्ताह, इंजिनिअर साहेब मात्र नवे. जाताना मी गेल्या सभेचाच शर्ट घातला. आईने तो धुतला नव्हता. पाठीवर मातीचा डाग तसाच होता.

नाना माईकवर आले. मला शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

"चल रं. तुजं काम हाय. झोप."

मी स्टेजवर गेलो. लोक आधीच हसायच्या तयारीत होते. मी उभाच राहिलो.

"मी झोपणार न्हाय, नाना. ह्या वर्षी तुमी झोपा. मी श्वास देतो. तोंडाला तोंड लावून देतो. रुमाल घेणार न्हाय."

पुतण्या पुढे आला, माझा दंड धरला. मी त्याचा हात काढला आणि माईककडे तोंड केलं.

"माझ्या भावाचा निष्काळजीपणा एवढाच, की त्यानं फ्यूज तुमच्या हातात दिलं. तुमी ते ह्याच्या हातात दिलं. ह्यानं वर न बघता घातलं. हे छापा वार्तापत्रात."

"खाली उतर," नाना म्हणाले. बिनामाईकचं म्हणाले.

मी उतरलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी माझ्या बाजूने उठलं नाही. मागे सतरंज्या गुंडाळायला आलेली गँगची माणसं उभी होती, त्यांच्यातल्या एकाने मला वाट करून दिली. बस, एवढंच.

संघटनेतून माझं नाव काढलं. शिस्तभंग, असं वार्तापत्रात आलं. बाकी काही आलं नाही. बारामतीतली कामं बंद झाली. मी विहिरींच्या मोटारी, घरांची वायरिंग, मिळेल ते करतो. माळेगावच्या बाजूला कधी खांबाचं काम मिळतं, कधी महिनाभर मिळत नाही. नानासाहेब अजून अध्यक्ष आहेत. सुरक्षा सप्ताह अजून होतो. झोपायला आता दुसरा कुणीतरी असतो.

माझी गँग लहान आहे. कामाला लागायच्या आधी आम्ही सगळे मातीत आळीपाळीने झोपतो आणि एकमेकांना श्वास देतो. इंदापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून मी तो नीट शिकून घेतला. पहिला मी झोपतो, पहिला मीच देतो. तोंडाला तोंड लावून. कुणी नाक मुरडलं तर त्याला घरी पाठवतो.

आणि फ्यूज. ते चढणाऱ्याच्या कमरेला. जीपमधला आला, मळेवाला आला, साहेब आला, माझा सख्खा बाप आला, तरी खाली येणार नाहीत. फ्यूज पाहिजेत त्याने खांबावर चढून यावं.